पुरेल तेवढे : पोर्तुगीज घरांतील पाककृतींविषयी

पाककृतींच्या पुस्तकांचे परीक्षण करण्याची रीत आपल्याकडे नाही. कादंबरी आली की चार टीकाकार लेखण्या परजून पुढे सरसावतात. कवितासंग्रह आला तर निदान कवीचे दोन मित्र तरी लिहितात. पाकपुस्तकाच्या नशिबी मात्र हळदीची बोटे आणि तेलाचे डाग यांखेरीज दुसरा अभिप्राय नसतो. तो अभिप्राय प्रामाणिक असतो, यात शंका नाही. ज्या पानावर डाग अधिक, ते पान वाचकाला अधिक आवडले, इतका सरळ हिशेब साहित्याच्या दुसऱ्या कोणत्या प्रांतात सापडेल? परंतु कथेला आपण जे प्रश्न विचारतो तेच पाककृतीलाही विचारता येतात. कोण सांगते आहे? कोणाला सांगते आहे? आणि सांगता सांगता काय सांगायचे टाळते आहे? आज हे प्रश्न मी पोर्तुगीज घरांतल्या पाककृतींना विचारणार आहे. दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना परक्याच्या शिळ्या पावाची चर्चा कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. पण पोट भरलेले असतानाच दुसऱ्याच्या भुकेविषयी शांतपणे बोलता येते.

पोर्तुगीज आपल्याला तसे परके नाहीत. १५१० पासून १९६१ पर्यंत ते गोव्यात होते. आपल्या बखरींत ते फिरंगी म्हणून आले आणि स्वयंपाकघरात निनावी शिरले. पाव, बटाटा, काजू, अननस, पपई, कोबी हे शब्द उच्चारताना आपण पोर्तुगीज बोलत आहोत याची जाणीव कोणाला असते? तरीही खुद्द त्यांच्या घरी रोज काय शिजते, याची चौकशी आपण कधी केली नाही. विंदालू ठाऊक असते, पण तेही उसनेच. मुळात तो लसूण आणि द्राक्षमद्यात मुरवलेल्या मांसाचा प्रकार. मादेइरा बेटावर अजून तो नाताळात करतात. गोव्यात द्राक्षमद्याच्या जागी माडाचा शिरका आला, मिरची आली, मसाला आला. पुढे इंग्रजांच्या देशात त्यातल्या लसणाच्या 'आल्यु'चा कोणी 'आलू' केला आणि बिचाऱ्या विंदालूत बटाटे पडू लागले. शब्दाचे लिंग-वचन चुकले तर व्याकरणकार रागावतात. इथे अर्थच चुकला आणि लोक चवीने खात राहिले!

पोर्तुगीज पाककृती वाचू लागले की एक लहानसा शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा भेटतो : 'क्वांतु बाश्त'. म्हणजे 'पुरेल तेवढे'. मीठ पुरेल तेवढे, ऑलिव्हचे तेल पुरेल तेवढे, पाणी पुरेल तेवढे. पुस्तकात तर त्याची दोन आद्याक्षरेच छापतात, इतका तो रुळलेला आहे. आपल्याकडे आजी 'अंदाजाने' म्हणत असे, आणि तो अंदाज आपल्याला कधी येत नसे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप देऊन कितीतरी नवशिक्या सुनांची अब्रू राखली, ती या अंदाजापासूनच. पण 'अंदाजाने' आणि 'पुरेल तेवढे' यांत एक सूक्ष्म भेद आहे. अंदाज हा हाताचा गुण आहे. पुरणे हा डब्याचा. तेल किती पुरेल हे जिभेने ठरवायचे की शिल्लक किती आहे यावरून ठरवायचे? श्रीमंताच्या घरी ते चवीचे माप असते आणि गरिबाच्या घरी ते महिनाअखेरचे. छापील पानावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात. पोर्तुगीज घरगुती स्वयंपाकाचे सारे सौंदर्य आणि त्याविषयी लिहिणाऱ्यांची सारी अडचण या दोन शब्दांत साठली आहे, असे मला वाटते.

या पाकपुस्तकांचा वंशवृक्ष, इतरत्र असतो तसा, राजवाड्यातून निघतो. सोळाव्या शतकातील राजकन्या दोना मारिया १५६५ साली इटलीतल्या फार्नेझे घराण्यात लग्न होऊन गेली. तिची म्हणून ओळखली जाणारी पाककृतींची हस्तलिखित वही आज नेपल्सच्या ग्रंथालयात आहे. मांसाचे पदार्थ, अंड्यांचे, दुधाचे आणि मुरांबे अशा तिच्या चार वह्या. त्यात 'मूर पद्धतीची कोंबडी'ही आहे. म्हणजे ज्यांना देशातून हाकलले त्यांचा मसाला राजकन्येच्या वहीत सुखरूप राहिला. पुढे १६८० साली राजाचा आचारी दुमिंगुश रोद्रिगिश याचे पुस्तक निघाले. पोर्तुगालात छापलेले ते पहिले पाकपुस्तक. त्यात मेजवान्या आहेत, थाट आहे. घर नाही.

घर यायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते आले दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून. मारिया द लूर्दिश मुदेश्तु ही बाई दक्षिणेकडच्या आलेंतेजु प्रांतातली, बेझा गावची, जन्म १९३०. १९५८ पासून ती पोर्तुगालच्या दूरचित्रवाणीवर स्वयंपाक शिकवू लागली. पुढे तिने प्रेक्षकांना सांगितले की, तुमच्या गावचे, तुमच्या घरचे पदार्थ मला लिहून पाठवा. पाककृती येत गेल्या. तिने त्या निवडल्या, करून पाहिल्या, आणि १९८२ साली 'पोर्तुगालचा पारंपरिक स्वयंपाक' या अर्थाच्या नावाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. २०२२ साली ती वारली तेव्हा त्या देशातली अनेक घरे हळहळली, कारण त्यांच्या घरी आईच्या हाताखालोखाल तिचेच पुस्तक होते.

या ग्रंथाचे मोठेपण मी एका वाक्यात सांगेन : शिकवणारीने आधी विचारले. आपल्याकडेही लोकगीते गोळा करणाऱ्यांनी जात्यावर बसलेल्या बायकांना विचारले, त्याच जातीचे हे काम. सरदारांची तितर-मेजवानी आणि शेतमजुरणीचा पावाचा काला एकाच टाइपात, एकाच आदराने छापणे ही लहान गोष्ट नव्हे.

त्या पावाच्या काल्यापाशी थोडे थांबू. त्याचे नाव असोर्दा. शब्द अरबी वंशाचा. रश्शात कुस्करलेल्या पावाला अरब जे म्हणत त्यावरून आलेला. आलेंतेजुत तो असा करतात : खलात लसणाच्या पाकळ्या, मूठभर ताजी कोथिंबीर आणि जाडे मीठ ठेचायचे. होय, कोथिंबीरच! युरोपातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत या पाल्याला फारसा मान नाही, पण आलेंतेजुतल्या बायका ती आपल्यासारखी जुडीने वापरतात. हे वाटण खोलगट भांड्यात काढून त्यावर ऑलिव्हचे तेल ओतायचे. पाणी खळखळ उकळायचे. अंडे असेल तर ते फोडून त्याच पाण्यात शिजवून घ्यायचे. मग ते कढत पाणी वाटणावर ओतायचे, आणि शेवटी शिळ्या पावाचे तुकडे त्यात सोडायचे. झाले. कोथिंबिरीचा आणि लसणाचा वास असा उठतो की, शेजारच्या घराला आज यांच्याकडे काय आहे ते सांगावे लागत नाही. लिस्बनच्या भोजनगृहांत असोर्दा नावाचाच दुसरा प्रकार मिळतो; तो घोटलेला, मऊ, कोळंबी घातलेला. नाव तेच, कूळ निराळे. आपल्या शिळ्या भाकरीच्या काल्यात कोणी काजू-बेदाणे घालून बशीत मांडावा, तसा.

आता टीकाकाराचा प्रश्न. या कृतीला दहा मिनिटे लागतात. ती इतकी आटोपशीर का? कलेची काटकसर म्हणून? ज्यांनी आलेंतेजुचे विस्तीर्ण जमीनदारी मळे नकाशावर पाहिले आहेत त्यांना उत्तर शोधावे लागत नाही. तिथला शेतमजूर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबे. आठ तासांचा दिवस त्याला १९६२ साली संप करून मिळवावा लागला. आणि त्याची बायकोही कापणीला त्याच्याबरोबरच असे. संध्याकाळी घरी आल्यावर रस्सा आटवीत बसायला तिला वेळ कुठला आणि रश्श्यात घालायला मांस कुठले? म्हणून पाणी. कढत पाण्यालाच चव आणायची विद्या या बाईने सिद्ध केली. तिला मी कला म्हणतो. पण ती कला कशातून निघाली हे झाकून ठेवणे मला मान्य नाही.

झाकण्याचे काम तिथल्या सरकारने मोठ्या आवडीने केले. सालाझारची राजवट १९३३ पासून 'नवे राज्य' म्हणून मिरवत होती. ती १९७४ च्या एप्रिलात कोसळली. १९३८ साली तिने शाळाशाळांतून लावण्यासाठी चित्रे काढवली. त्यातले एक प्रसिद्ध आहे : कुदळ घेऊन शेतावरून घरी परतलेला बाप, धावत येणारी मुले, चुलीपाशी भांड्याशी असलेली आई, मेजावर पाव आणि मद्य, भिंतीजवळ क्रूस. देव, देश, कुटुंब! चित्र सुरेख आहे, आणि त्यात भूक कुठेही नाही. पुढे १९५३ च्या सुमारास अमालिया रोद्रिगिश या थोर गायिकेच्या कंठातून 'एक पोर्तुगीज घर' हे गाणे देशभर गेले. त्याची चाल गोड आहे, ते ऐकताना मान डोलते, हे मी नाकारीत नाही. पण त्याचा भाव काय? घरात फारसे काही नसले तरी पाव आहे, गरम सूप आहे, आणि त्यात आम्ही सुखी आहोत. हे वाक्य त्या घरातल्या माणसाने म्हटले तर ते धीराचे असते; त्याच्यावर राज्य करणाऱ्याने त्याच्या तोंडी घातले तर त्याचा अर्थ बदलतो. गाणे गाजल्यानंतर वर्षभरातच, १९ मे १९५४ रोजी, बेझाजवळच्या बालेइझांव गावी कातारीना एउफेमिया ही सव्वीस वर्षांची कापणीवाली, तीन मुलांची आई, थोडी मजुरी वाढवून मागायला गेली आणि पोलिसी पथकाच्या अधिकाऱ्याच्या गोळीला बळी पडली. असोर्दा ज्या मातीतला, तीच ही माती. आणि मुदेश्तुबाईंचे गावही याच परिसरातले.

मग मी असे म्हणतो का, की असोर्दाची तारीफ करू नये? मुळीच नाही. भुकेतून जन्मलेला पदार्थ चवीला कमी नसतो, हे झुणका-भाकर खाणाऱ्याला सांगायला नको. माझी तक्रार एवढीच की, 'आईच्या हातचे', 'मायेचा घास' अशा शब्दांची साय पाककृतीवर जाड धरली म्हणजे खालचे पाणी दिसेनासे होते. २०१३ साली भूमध्यसागरी आहार हा जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला तेव्हा पोर्तुगालचेही नाव त्यात जोडले गेले. डाळी, पालेभाज्या, पाव, ऑलिव्ह तेल, मांस क्वचित. हा आहार आरोग्याला उत्तम खरा. पण त्यातले 'क्वचित' हे वैद्याच्या सल्ल्याने आलेले नव्हते.

स्वयंपाकघरावर सत्तेचा डोळा असणे त्या देशाला जुनेच. १४९७ साली तिथल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले गेले आणि १५३६ पासून इन्क्विझिशनचे न्यायालय त्यांच्या चुलीत डोकावू लागले. कोणाच्या घरी डुकराच्या चरबीऐवजी तेलात शिजते, कोण शुक्रवारीच शनिवारचे रांधून ठेवते, याच्या साक्षी निघत. उत्तरेकडे पाव, कोंबडी आणि लसूण भरून केलेली आल्येइरा नावाची सॉसेज मिळते. डुकराचे सॉसेज धुरावर टांगलेले न दिसले तर शेजारी संशय घेतील, म्हणून ज्यूंनी ही युक्ती काढली, अशी तिची कथा सांगतात. दंतकथा म्हणून ती घ्यावी. पण अशी दंतकथा एखाद्या खाद्यपदार्थाला चिकटावी यातच बरेच काही आले. आणि गोवेकरांना तर हे सांगायलाच नको. १७३६ च्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या हुकुमात नवख्रिस्त्यांना ज्या गोष्टींची बंदी केली, त्यांत हिंदूंप्रमाणे भात अळणी शिजवून मीठ मागाहून घेण्याचीही बंदी होती. अ. का. प्रियोळकरांनी हा सारा इतिहास खणून काढला. भातात मीठ केव्हा घालावे हे सरकारने सांगायचे! 'पुरेल तेवढे' या शब्दांची अशी गत जगात अन्यत्र झाली असेल असे वाटत नाही.

याच काळोखातून पोर्तुगालच्या घरातला सर्वांत मायाळू पदार्थ मात्र आपल्या किनाऱ्यावरून गेला. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात राहत होता; भारतीय औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीसारख्या रोगाचे वर्णन येते, आणि त्याचे इथले नाव तो 'मोर्शी' असे देतो, आपली मोडशी! त्या रोग्याला तांदळाचे पाणी मिरे आणि जिरे घालून देतात, त्याला 'कांजे' म्हणतात, असेही तो नोंदवतो. ओर्ता ज्यू वंशाचा नवख्रिस्ती. १५६८ साली तो मेला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळले, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली. त्याने नोंदवलेली कांजी मात्र टिकली. आज पोर्तुगालात 'कांझा' म्हणजे कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला थोडा भात, वर लिंबाचा रस, पुदिन्याचे पान, आणि कोंबडीच्या पोटात सापडलीच तर न घातलेली पिवळीधमक अंडी. ताप आला, कांझा. बाळंतीण घरी आली, कांझा. सावधगिरी आणि कोंबडीचा रस्सा यांनी कोणाचे वाईट झालेले नाही, अशी म्हणच तिकडे आहे. आणि एखादे काम अगदी सोपे असेल तर त्यालाही ते 'कांझा आहे' म्हणतात. आपल्या कोकणातली पेज आणि त्यांची कांझा या एकमेकींना पाहतील तर बहिणी म्हणून ओळखतील की नाही, सांगवत नाही. एकीच्या ताटात लोणचे, दुसरीच्या ताटात कोंबडी. पण दोघींना बोलावणे येते ते उशाशी.

खारवलेल्या कॉड माशाविषयी, म्हणजे बाकाल्यावविषयी, पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. त्याच्या हजार-एक पाककृती आहेत अशी तिथल्यांची बढाई. मला ती संख्या कंटाळवाणी वाटते. गंमत निराळीच आहे : हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात एकेकट्या माणसाने लहान होडीत बसून तो गळाने धरायचा, असे जीवघेणे काम पोर्तुगीज कोळ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत केले. ज्याला घरोघरी 'विश्वासू मित्र' म्हणतात, त्याच्यासाठी घरातला कर्ता पुरुष सहा-सहा महिने घराबाहेर! नाताळच्या आदल्या रात्री तो उकडलेला मासा, बटाटे, कोबीची पाने, अंडी आणि वर तेल-लसूण, एवढेच जेवण असते. त्याहून मला दुसऱ्या दिवशीचा प्रकार प्रिय वाटतो. उरलेले सारे हाताने मोडून, लसणीच्या तेलात परतून खातात, आणि त्याला नाव 'जुने कपडे'. सणाच्या उरलेल्या पोळ्यांना फोडणी देणाऱ्या आपल्या गृहिणीने या नावाला तत्काळ दाद द्यावी.

मुदेश्तुबाईंच्या ग्रंथाविषयी एक आक्षेप मात्र नोंदवला पाहिजे. मांडणी प्रांतवार आहे. उत्तरेच्या मिन्युचे हिरवे सूप, दक्षिणेचा असोर्दा, बेटांचे हे, डोंगराचे ते. वाचायला सोयीचे, पण त्यामुळे प्रत्येक पदार्थ आपापल्या कोपऱ्यात युगानुयुगे बसून आहे असा भास होतो. हिरवे सूप म्हणजे बटाट्याच्या दाट पाण्यात केसासारखी बारीक चिरलेली कोबीवर्गीय पालेभाजी. सोबत मक्याचा पाव. बटाटा अमेरिकेचा, मका अमेरिकेचा! 'परंपरा' म्हणजे पुष्कळदा आजीच्या आजीला नवलाचे वाटलेले काहीतरी असते. शिवाय १९७४-७५ नंतर आफ्रिकेतल्या वसाहती सुटल्या तेव्हा लक्षावधी माणसे पोर्तुगालात परतली. त्यांत मोझांबिकमध्ये स्थायिक झालेले गोवेकरही होते. त्यांच्याबरोबर तिखट गेले, कालवण गेले, आणि आपला सामोसा 'शामुसा' होऊन लिस्बनच्या कॉफीच्या दुकानात काचेमागे जाऊन बसला. त्या घरांतल्या वह्या कोणत्या प्रांतात घालायच्या? त्यांची मुले तर शामुशालाच आजीच्या हातचे म्हणणार. प्रांतांच्या नकाशात या आजीला खुर्ची नाही.

गोड पदार्थांचे फार सांगत नाही. दिवाळीत ते सांगणे म्हणजे समुद्रात पाणी ओतणे. अंड्यांचा पिवळा बलक आणि साखर यांचे शेकडो प्रकार मठांतल्या जोगिणींनी रचले, आणि नावे ठेवली 'जोगिणीचे पोट', 'स्वर्गीची चरबी'! १८३४ साली धर्मसंघ बरखास्त झाले आणि हळूहळू ती विद्या मठाबाहेर घरांत आली. पण घरचे खरे गोड म्हणजे 'आरोश दोस', तांदळाची खीर. लिंबाची साल घालून ती घट्ट शिजवतात, पसरट ताटात ओततात, आणि चिमटीत दालचिनीची पूड धरून तिच्यावर रेघा ओढतात : जाळी, फुले, बदाम, घरातल्या मुलांच्या नावांची आद्याक्षरे. अंगठा आणि तर्जनी यांतून पूड सोडण्याची ती लकब पाहिली की, आपल्या बायकांना काही समजावून द्यावे लागणार नाही. अंगणातली रांगोळी त्यांनी ताटात काढली, इतकेच.

फराळाने तोंड मिटल्यावर कोणाला असोर्दा करून पाहायचा असेल, तर पाव कालचा घ्यावा, दोन दिवसांचा असला तर अधिक बरा. बेकरीतला मऊ, गोडसर पाव त्याला चालत नाही, कडक पाठीचा हवा. लसूण हात राखून घालू नये, कोथिंबीर तर नाहीच नाही. ऑलिव्हचे तेल आता आपल्या शहरांतही मिळते; त्याऐवजी शेंगदाण्याचे घेतले तर काहीतरी चांगलेच होईल, पण त्याला असोर्दा म्हणू नये. मीठ पुरेल तेवढे. अंडे ज्यांना चालत नसेल त्यांनी ते खुशाल वगळावे. आलेंतेजुतही पुष्कळांच्या वाडग्यात ते नसेच.